आईच्या पापण्या आणि मोगरा

संध्याकाळ व्हायला लागली की आईची डावी पापणी खाली यायची. आधी थोडी, मग निम्मा डोळा झाकेपर्यंत, आणि दिवेलागणीला उजवीही तिच्या मागोमाग. झोप आलेली नसायची. ती बोलत असायची, मला कामं सांगत असायची, आणि समोरचं नीट दिसावं म्हणून मान मागे टाकून पापणीखालच्या फटीतून बघायची. त्यामुळे ती सगळ्यांकडे तोऱ्यात बघतेय असं वाटायचं. शेजारच्या मळ्यातल्या बायका तिला ‘कलेक्टरीणबाई’ म्हणायला लागल्या होत्या. आई हसायची, पण हसताना तिचे ओठ पुरते ताणले जायचे नाहीत. ते मला बघवायचं नाही. मी उठून कुठेतरी निघून जायचे.

हे सत्तरच्या दशकातलं. आमचा मळा मखमलाबादच्या रस्त्याला, नाशिक तेव्हा जिथे संपायचं त्याच्या थोडं पुढे. मेथी, कोथिंबीर, पालक, मधे झेंडू आणि शेवंती, आणि विहिरीच्या अंगाला मोगऱ्याचा तुकडा. मोगरा आईचा. म्हणजे जमीन नानांची, माझ्या वडिलांची. पण मोगरा कधी छाटायचा, त्याचं पाणी कधी तोडायचं हे तिने ठरवायचं आणि नानांनी मुकाट्याने करायचं. मी शहरातल्या एका कॉलेजात केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. करत होते. सायकलने जायचे, सायकलने यायचे. स्वस्थ बसणं हा प्रकार मला जमायचाच नाही. जेवतानाही माझा एक पाय हलत असायचा आणि आई म्हणायची, ‘‘पोरी, त्या पायाला तरी जेवू दे.’’

तिच्या दुखण्याला नाव नव्हतं, त्यामुळे प्रत्येकजण आपापलं कारण लावायला मोकळा होता. नाना म्हणायचे अशक्तपणा आहे, तूप खा. एका डॉक्टरांनी चष्मा दिला. चष्मा लावूनही तिला संध्याकाळी दोन नाना दिसायचे. ‘‘एक हाय तोच लय हाय,’’ ती म्हणायची आणि चष्मा काढून ठेवायची. सकाळी मात्र ती धडधाकट असायची, आणि हेच लोकांना पटत नव्हतं. आजारी माणूस दिवसभर आजारी असायला हवा. सायखेड्याची माझी मावशी एकदा आली तेव्हा तिने तोंडावरच ऐकवलं, की कामं निघाली की बरे डोळे मिटतात. मी तिच्याशी इतकी भांडले, की ती मुक्काम न करता गेली.

मला मात्र दुसऱ्याच गोष्टीचं कोडं पडलं होतं. उन्हाळ्यात आई बरी असायची.

फेब्रुवारी सरता सरता मोगरा लागायचा. कळ्या उमलायच्या आत खुडाव्या लागतात, म्हणून उजाडायच्या सुमाराला ती विहिरीकडे जायची आणि ऊन चढलं की कळ्यांची पाटी घेऊन छपरात बसायची. केळीच्या सोपटाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा, ओला धागा, त्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला, दुसरं दातांत. दोन्ही हात मोकळे. कळ्यांच्या जोड्या समोरासमोर ठेवायच्या, गाठ मारायची, पुढची जोडी. धागा वाळला की ओठांतून ओढून पुन्हा ओला करायचा, बोटं कोरडी पडली की जिभेला लावायची. बाकीच्या बायका पाण्याची वाटी जवळ घेऊन बसायच्या. आईला वाटीची अडचण व्हायची. तोंडाला ओल असताना वाटी कशाला, असं तिचं म्हणणं.

आणि त्या दिवसांत तिच्या पापण्या संध्याकाळपर्यंत वर असायच्या. भाकरी चावताना जबडा थकायचा नाही. बाजारात तिचा आवाज खणखणीत निघायचा. ‘‘मोगऱ्यात बसलं की मला हुशारी येती,’’ ती सांगायची, आणि सांगताना तिच्या चेहऱ्यावर एक गुपित कळल्याचा आनंद असायचा. नानांना ते वासामुळे वाटायचं. बायकांना देवीमुळे. मला कशामुळेच वाटायचं नाही, आणि त्याचाच मला राग यायचा. कारण दिसत नसेल तर बरं होणंसुद्धा मला खपायचं नाही, असा माझा स्वभाव. मोगरा संपला, पाऊस लागला, की पापण्या पुन्हा गळायच्या.

कॉलेजात त्या वर्षी एन्झाइम शिकवायला एक सर होते. फळ्यावर कुलूप आणि किल्ली काढून ते मोकळे झाले असते तर मी तो तास विसरले असते. पण सर रोज एस.टी.ने जा-ये करणारे. ते म्हणाले, समजा कळवणची गाडी लागली आहे. सीट म्हणजे एन्झाइमची ती जागा, जिथे काम चालतं. उतारू म्हणजे सबस्ट्रेट, ज्याच्यावर काम व्हायचं तो पदार्थ. उतारू बसतो, मुक्कामी पोचतो, उतरतो, सीट मोकळी, की दुसरा बसतो. एन्झाइमचं एवढंच. ते स्वतः कुठे जात नाही, झिजत नाही, नुसतं बसवतं आणि उतरवतं. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि पहिल्या बाकावर टाकला. ‘‘आणि हा इनहिबिटर. खिडकीतून टाकलेला रुमाल. माणूस नाही, प्रवास नाही, पण जागा अडली.’’

वर्ग हसला. सर पुढे म्हणाले, काही रुमाल गर्दी वाढली की उडवले जातात. सबस्ट्रेट भरपूर झालं की ते अडवणाऱ्याला हटवून बसतं. काही रुमालांचा मालक थोड्या वेळाने येऊन रुमाल उचलतो. आणि काही रुमाल, त्यांनी बाकाकडे बोट करून दाखवलं, सीटला शिवून टाकलेले असतात. मग ती सीट त्या गाडीपुरती गेलीच. कारखान्यातून नवी यायची तेव्हा येईल.

दुपारी प्रॅक्टिकलला आम्ही परीक्षानळीत स्वतःची लाळ घेतली, त्यात भाताची पेज टाकली, आयोडीनचा थेंब सोडला. एका नळीतला निळा रंग हळूहळू उतरत गेला, कारण लाळेतलं एन्झाइम पिष्ट तोडत होतं. दुसऱ्या नळीत सरांनी पाऱ्याच्या क्षाराचे दोन थेंब सोडले होते. तो निळा जागचा हलला नाही. मुली लाळेला नाकं मुरडत होत्या. मी त्या न हलणाऱ्या निळ्याकडे बघत राहिले. काहीही घडत नाही हे बघून माणसाचा जीव इतका कासावीस होऊ शकतो, हे मला माहीत नव्हतं.

त्या पावसाळ्यात आईचं खूपच वाईट झालं. पाणी नाकातून यायला लागलं. जेवताना ती हनुवटीला तळहात लावून जबडा वर ढकलायची. दोन वाक्यं झाली की आवाज नाकात जाऊन विरायचा. नानांनी शेवटी सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी आईला छताकडे बघत राहायला सांगितलं, आणि बघता बघता दोन्ही पापण्या खाली आल्या. मग त्यांनी दंडात एक इंजेक्शन दिलं आणि आम्हाला थांबायला सांगितलं.

मी त्या बाकासमोर येरझारा घालत होते. चहा निवायला लागतो तेवढा वेळ गेला असेल, आणि आईची पापणी वर सरकली. मग दुसरी. पूर्ण. मला तिच्या डोळ्यांचा घारा रंग दिसला. तो मी कित्येक संध्याकाळी पाहिलाच नव्हता. आई इकडेतिकडे बघायला लागली, नानांकडे बघितलं आणि म्हणाली, ‘‘एकच हायत.’’ नाना भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं, कारण मी त्यांना सोडलं नाही. मज्जातंतूच्या टोकातून एक रसायन सुटतं, ते स्नायूवरच्या ठरावीक जागी लागतं, स्नायू आखडतो. लगोलग एक एन्झाइम ते रसायन तोडतं, म्हणजे पुढचा निरोप घ्यायला स्नायू मोकळा. आईच्या स्नायूंवर निरोप घेणाऱ्या जागाच कमी झाल्या आहेत. त्या वाढवता येत नाहीत. मग आपण त्या तोडणाऱ्या एन्झाइमला काही तास अडवायचं. रसायन जास्त वेळ टिकतं, उरलेल्या जागांना पुन्हा पुन्हा लागतं, पापणी वर राहते.

‘‘म्हणजे रुमाल,’’ मी म्हणाले.

त्यांना अर्थातच कळलं नाही. पण गोळ्यांची चिठ्ठी देताना त्यांनी बजावलं, की गोळी वेळेवर आणि मोजून. कमी पडली तर अंगातली शक्ती जाईल. जास्त झाली तरी शक्तीच जाईल, कारण रसायन साचून राहिलं की स्नायू बावचळतो आणि हलतच नाही. मी नानांना हे घरी दोनदा सांगितलं. नानांनी मान डोलावली. जास्त गोळीने माणूस आणखी ढिला पडतो, हे त्यांच्या गळी काही उतरलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही नीट उतरलं नव्हतं.

हिवाळा चांगला गेला. आई गोळी घेऊन बाजारात उभी राहायला लागली. पोटात कळ यायची कधी कधी, पण ती म्हणायची कळ परवडली. घरात एक नवीच घाई शिरली होती. गोळीची वेळ झाली का, पापणी कुठवर आली, आवाज नाकात गेला का. मी दिवसातून दहादा तिच्या तोंडाकडे बघायचे. ‘‘माझ्या तोंडावर काय शिनेमा लागलाय का?’’ ती वैतागून विचारायची. आणि मग मोगरा लागला.

लग्नाचे दिवस होते. सिन्नरच्या एका लग्नाची मोठी मागणी आली होती. कळीत अळी दिसत होती म्हणून नानांनी आदल्या दिवशी उन्हं कलताना मोगऱ्यावर फवारणी केली. त्यात काही वावगं नव्हतं, दर उन्हाळ्यात सगळेच करायचे. अळीची कळी कोणी घेत नाही. सकाळी आईने कळ्या खुडल्या, छपरात बसली. काम भरपूर होतं म्हणून तिने नेहमीची गोळी घेतली आणि वर आणखी एक घेतली. जास्तीचं काम असलं की माणूस एक भाकरी जास्त खातो, त्यातलंच तिला ते वाटलं. हे तिने आम्हाला नंतर सांगितलं.

मी पहिली पाटी फुलबाजारात पोचवून परत आले तेव्हा ऊन माथ्यावर होतं. छपरात आई भिंतीला टेकून बसली होती. अर्धा गजरा मांडीवर होता आणि पापण्या खाली होत्या. तिच्या तोंडातून लाळ गळत होती आणि ती पुसायला हात वर जात नव्हता. पोलकं घामाने पिळून काढावं असं झालं होतं. हाक मारली तर तिने फक्त श्वास घेतला, तोही अर्धा. दंडाच्या कातडीखाली स्नायू आपोआप थरथरत होते, पाण्यावर बारीक पाऊस पडावा तसे.

मी ओरडले. नाना धावत आले, तिच्याकडे एकदा बघितलं आणि कोनाड्यातली गोळ्यांची बाटली काढली.

‘‘गोळी चुकली हिची. तोंड उघड तिचं.’’

‘‘नाना, थांबा.’’

‘‘काय थांबा? पापण्या बघ की! गोळी दिली की उघडती, आजवर बघितलं नाय का?’’

त्यांचं खरं होतं. इतके महिने आम्ही तेच तर बघितलं होतं. पापणी पडली की गोळी, गोळी दिली की पापणी वर. मी आईजवळ बसले आणि अंगठ्याने तिची पापणी उचलली. छपरात अंधार होता. अंधारात बाहुली मोठी व्हायला हवी. आईची बाहुली मोहरीएवढी होती.

तसे डोळे मी एकदाच पाहिले होते. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या द्राक्षबागेत फवारणी करणारा एक मजूर बांधावर कोसळला होता. नाना आणि आणखी एकाने त्याला बैलगाडीत घातलं होतं, आणि त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तीच लाळ, तोच घाम, त्याच मोहरीएवढ्या बाहुल्या. त्याला कमकुवतपणाचा कसलाच आजार नव्हता. त्याच्या अंगात विष गेलं होतं. आईच्या मांडीवर मोगरा होता, ओठांना सोपटाचा धागा चिकटलेला होता.

मी नानांचं मनगट धरलं. ‘‘देऊ नका. हे कमी नाही, जास्त झालंय.’’

‘‘मरंल ती! सोड हात!’’

‘‘गोळी दिली तर मरेल.’’

मला खात्री होती असं कोणी समजू नये. मला अजिबात खात्री नव्हती. कमी आणि जास्त, दोन्हींत माणूस असाच पडतो, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि माझ्याजवळ फक्त एक बाहुली होती. मी चुकले असते तर आई केवळ माझ्या हट्टापायी, हाताशी औषध असताना गेली असती. नाना माझ्यापेक्षा कितीतरी ताकदवान होते. त्यांनी एक हिसडा दिला असता तर मी पाटीवर जाऊन पडले असते. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. त्यांना तिथे काय दिसलं मला माहीत नाही. त्यांनी मूठ सोडली, गोळ्या जमिनीवर सांडल्या, आणि ते शेजाऱ्यांची भाजी नेणारी जीप आणायला पळत सुटले.

जीपमध्ये मी तिची मान एका बाजूला वळवून लाळ बोटाने काढत राहिले. पंचवटीत रस्ता अडला तेव्हा मी जीपमधून उतरून लोकांना शिव्या दिल्या. अशा शिव्या मला येतात हे नानांना तोवर माहीत नव्हतं.

दवाखान्यात तेच डॉक्टर होते. त्यांनी बॅटरी मारून डोळे बघितले आणि पहिला प्रश्न विचारला, ‘‘आत्ता गोळी दिली का?’’ नाही म्हटल्यावर त्यांनी नर्सला इंजेक्शन भरायला सांगितलं. थोड्या वेळाने लाळ आटली, घाम थांबला. पण छाती वर येत नव्हती. त्यांनी घशात नळी घातली, नळीला रबरी पिशवी जोडली. ती पिशवी हाताने दाबायची, सोडायची, दाबायची, सोडायची. आईचा श्वास तेवढाच. वॉर्डात माणसं कमी होती, म्हणून नर्सने आधी नानांच्या हातात पिशवी दिली. त्यांचे हात इतके कापत होते की तिने ती काढून माझ्याकडे दिली.

जेवताना पाय हलवणाऱ्या मुलीला एका लयीत बसायचं होतं. घाई करायची नाही, थांबायचं नाही. मी मनात म्हणत होते, लवकर, लवकर, आणि हात मात्र सावकाश चालवायचा होता. डॉक्टर येऊन सांगून गेले, की हे इंजेक्शन एन्झाइम सोडवत नाही, फक्त लाळ आणि घाम आवरतं. गोळीने अडवलेलं काही तासांत आपोआप सुटेल. फवारणीच्या विषाने अडवलेलं मात्र सुटणार नाही. शरीर नवं एन्झाइम तयार करेल तेव्हाच. म्हणजे वाट बघायची. मी आयुष्यात कोणाची वाट धड बघितली नव्हती. आता पिशवी दाबत मी एका न दिसणाऱ्या पदार्थाची वाट बघत होते, आणि तो माझ्या आईच्या अंगात, माझ्या सवडीने नाही, त्याच्या सवडीने तयार होणार होता. मला त्याचा भयंकर राग आला. मग भीती वाटली. मग हाताला मुंग्या आल्या आणि राग, भीती काहीच उरलं नाही, फक्त हात उरला.

आई वाचली. नळी निघाल्यावरही काही दिवस ती बोलू शकत नव्हती. त्या दिवसांत डॉक्टरांनी मला विचारलं, की ती नेमकं काय करत होती. मी त्यांना दाखवलं. पाय लांब केला, अंगठ्याला टोक अडकवल्यासारखं केलं, दुसरं दातांत धरलं, मग धागा ओठांतून ओढला. ते बघत राहिले. आणि तसं करून दाखवता दाखवताच मला मागचे उन्हाळे कळले. तिला मोगऱ्यात येणारी हुशारी वासाची नव्हती, देवीचीही नव्हती. फवारणीचा अंश धाग्यावरून तिच्या तोंडात जात होता आणि थोडंसं एन्झाइम अडवत होता. गोळी जे करते तेच, गोळी यायच्या आधीपासून. आता गोळीवर गोळी आणि त्यावर मोगरा, असं झालं होतं.

घरी आल्यावर मी तिला हे सांगितलं. गोड करून सांगायला हवं होतं असं नाना नंतर म्हणाले. पण मला गोड बोलता येत नाही, आणि मी घाबरलेली होते.

‘‘म्हंजे मोगऱ्यानं मला बरं वाटत नव्हतं?’’ आईने विचारलं.

‘‘मोगऱ्यावरच्या विषाने वाटत होतं.’’

तिने विहिरीकडे, मोगऱ्याच्या तुकड्याकडे बघितलं. मग म्हणाली, ‘‘मला वाटायचं, त्याला मी आवडते.’’

 मी बाहेर जाऊन विहिरीभोवती फिरत राहिले.

त्या वर्षी उरलेल्या मोगऱ्यावर नानांनी फवारणी केली नाही. कळ्यांना भोकं पडली, बाजारात कोणी हात लावेना. पुढच्या उन्हाळ्यात आईनेच सांगितलं, ‘‘फवारा तुम्ही. मी हात लावायची नाय. खुडायला बायका लावा.’’ तिने शब्द पाळायचा प्रयत्न केला, यात शंका नाही. ती ओट्यावर बसायची, छपरात बायका गजरे करायच्या. कोणाची गाठ ढिली पडली की ती तिथून ओरडायची. एकदा तिने तोंडाला फडकं बांधून छपरात जाऊन बसून बघितलं. नानांनी तिच्यापुढे पाण्याची वाटी ठेवली. वाटी तशीच राहिली आणि फडकं गळ्यात आलं. एका दुपारी मी पाणी प्यायला आले तर ती बायकांमध्ये बसून त्यांच्याशी बोलत होती, मांडीवर कळ्या, आणि धाग्याचं टोक दातांत. मी ‘‘आई!’’ म्हणून किंचाळले तेव्हा तिने दचकून तोंडाला हात लावला. धागा तिथे कधी गेला, हे तिला खरंच ठाऊक नव्हतं. नानाही दारात उभे होते. त्यांनी धागा बघितला, तिच्याकडे बघितलं, आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुदळ घेऊन विहिरीकडे गेले. मला वाटलं झाडांना पाण्याची आळी करतायत. मग पहिलं झुडूप मुळासकट बाहेर आलं, पांढऱ्या कळ्यांसकट, आणि त्यांनी ते बांधावर फेकलं. मी धावत गेले. झाडं तोडू नका, दुसरं काहीतरी करू, म्हणून मी त्यांच्याशी भांडायला लागले. त्यांनी वर न बघता विचारलं, ‘‘दुसरं काय?’’  फवारलं नाही तर अळी, फवारलं तर तिचा हात. त्यांनी दुसरं झुडूप घेतलं. त्यांचे हात या वेळी कापत नव्हते.

मी परत ओट्यावर आले. आई खाटेवर उठून बसली होती. सकाळची गोळी लागू झाली होती, त्यामुळे दोन्ही डोळे टक्क उघडे होते, आणि तिथून विहीर सरळ समोर दिसत होती. लहानपणापासून मी तिला कधी रिकाम्या हातांनी बसलेलं पाहिलं नव्हतं. आता हात मांडीवर उताणे पडले होते. मी तिच्या आणि विहिरीच्या मधे जाऊन उभी राहिले.

‘‘आई, आत चल. कशाला बघतेस?’’

तिने हाताने मला बाजूला सारलं.

‘‘सरक,’’ ती म्हणाली. ‘‘बघू दे. गोळ्या खाऊन डोळे उघडे ठेवलेत, ते कशाला मग?’’